आयव्हीएफची मुलं आणि त्यांची तब्येत: कोल्हापुरात मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. माझी मुलगी आयव्हीएफची, म्हणजे लोक टेस्टट्यूब बेबी म्हणतात ती, आता तिसरीत आहे. ट्रीटमेंट चालू होती तेव्हापासून आजपर्यंत दवाखान्याच्या बाकड्यावर, रंकाळ्यावर फिरताना, एकदा तर लग्नाच्या पंगतीत ताटावर बसल्यावर बायकांनी मला तेच तेच प्रश्न विचारलेत, आणि सगळ्यांनी एकदम हळू आवाजात. दरवेळी व्हॉट्सॲपवर नव्यानं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवावं म्हटलं. डॉक्टरांनी जे समजावलं आणि नंतर मी स्वतः वाचून ताडून बघितलं तेवढंच लिहिलंय. गोळ्या, इंजेक्शनं, डोस यातलं मला काही विचारू नका.

टेस्टट्यूब बेबी म्हणजे बाळ नळीत वाढतं का?

नाही ओ. नळी नसतेच मुळात, प्लास्टिकची पसरट बशी असते, चहाच्या बशीपेक्षा लहान. बाईचं अंडं आणि पुरुषाचं बीज त्यात एकत्र येतं, तीन किंवा पाच दिवस ते इनक्युबेटरमधे ठेवतात आणि मग गर्भाशयात सोडतात. पुढचे सगळे दिवस बाळ आईच्याच पोटात असतं, उलट्या, पाय सुजणं, डोहाळे सगळं तेच. आमच्या चुलतसासूबाईंना मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की मी नऊ महिने बाळ कुठंतरी पुण्याला ठेवलंय आणि पोटाला उशी बांधून फिरतेय.

इक्सी म्हणजे त्यातलाच पुढचा प्रकार, एकच शुक्राणू बारीक सुईनं अंड्यात सोडतात. १९९२ मधे ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा जमवलं. पुरुषाचा काउंट कमी असेल तर हेच करतात, आमचंही तेच होतं.

अशी मुलं मोठी झाल्यावर नॉर्मल राहतात का?

पहिली मुलगी लुईस ब्राऊन, इंग्लंडात ओल्डहॅमला २५ जुलै १९७८ ला जन्मली. तिला स्वतःला मुलं आहेत, पहिला मुलगा २००६ मधे झाला आणि तिला दिवस गेले ते कुठल्याही ट्रीटमेंटशिवाय. आपल्याकडं कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला दुर्गा नावाच्या टेस्टट्यूब बाळाचा जन्म घडवला, पण सरकारी कमिटीनं त्यांचं म्हणणं मानलं नाही, फार छळलं त्या माणसाला, शेवटी १९८१ मधे त्यांनी जीव दिला. मुंबईत केईएमला ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा चावडा झाली, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून, आणि २०१६ मधे हर्षाला मुलगा झाला तेव्हा बाळंतपण करायला त्याच डॉक्टर होत्या. हे वाचलं तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलेय.

आज जगभरात एक कोटीपेक्षा जास्त मुलं अशी जन्मलीत. बहुतेक सगळी शाळेत जातात, सर्दी होते, मोबाइल बघतात. फक्त एवढं ध्यानात ठेवा की सगळ्यात मोठी मुलगीच अजून पन्नाशीच्या आतबाहेर आहे, म्हणजे म्हातारपणी काय होतं याचा आकडा कुणाकडंच नाही, कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याला विचारा कुठून आणला म्हणून.

म्हणजे धोका काहीच नाही? खरं सांगा.

थोडा आहे. लपवण्यात अर्थ नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियाचा २०१२ चा मोठा अभ्यास आहे. साध्या गर्भधारणेतल्या १०० बाळांत ५.८ बाळांना काहीतरी जन्मजात दोष होता, ट्रीटमेंटच्या १०० मधे ८.३. आमचे हे शिरोलीला फाउंड्रीत क्वालिटीला आहेत, रिजेक्शनचे टक्के दिवसभर बघणारा माणूस, ते लगेच म्हणाले म्हणजे शंभरात अडीचचा फरक, आणि चांगले निघालेले ९४ ऐवजी ९२. (पोरांना कास्टिंगसारखं मोजू नका म्हणून मी ओरडले, पण हिशोब बरोबर होता.) आणि दोष म्हणजे सगळे भयंकर नसतात, ऑपरेशननं पूर्ण बरे होणारेही त्यात धरलेले असतात.

आता यातली खरी गंमत पुढं आहे. आईचं वय, सिगारेट, आधीचे आजार वगैरे बाजूला काढून हिशोब केला तर साध्या आयव्हीएफचा फरक जवळजवळ गेला, इक्सीचा राहिला. आणि ज्या जोडप्यांना मूल होत नव्हतं पण शेवटी ट्रीटमेंटशिवायच झालं, त्यांच्या मुलांतही दोष थोडे जास्तच सापडले. नॉर्वेत २००८ मधे एकाच आईची दोन मुलं बघितली, एक आयव्हीएफचं, एक आपसूक झालेलं, तर त्या भावंडांच्या जन्माच्या वजनात, पोटात राहिलेल्या दिवसांत म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे बराचसा दोष बशीचा नाही, ज्या कारणानं आपल्याला मूल होत नव्हतं त्या कारणाचा आहे. पस्तिशी ओलांडलेली, थायरॉईड, पीसीओडी, शुगर, वजन. ते आपण घेऊनच दवाखान्यात जातो.

बशीचा वाटा अगदीच शून्य असंही नाही. बेकविथ-विडेमान नावाचा एक आजार आहे, बाळाची जीभ मोठी, वजन जास्त, तो दहा-पंधरा हजार बाळांत एखाद्याला होतो आणि आयव्हीएफमधे काही पटीनं जास्त दिसतो. काही पटीनं म्हटलं की धडकी भरते, पण काही पटीनं वाढूनही हजारात एक भरत नाही.

पेपरात आलं होतं हृदयाचे आजार ३६ टक्के जास्त, ते काय?

डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे, स्वीडन या चार देशांतल्या ७७ लाख मुलांचा अभ्यास, २०२४ चा. ३६ टक्के जास्त हे खरं आहे पण कशाच्या ३६ टक्के ते बघा की. हृदयाचा मोठा दोष साध्या बाळांत १.१५ टक्के होता, ट्रीटमेंटच्या बाळांत १.८४ (३६ हा आकडा आईचं वय वगैरे बाजूला काढून केलेल्या हिशोबाचा). म्हणजे हजारात साडेअकराच्या जागी अठरा. जुळ्यातिळ्यांत २.४७ टक्के, एकट्या बाळात १.६२.

म्हणूनच फीटल एको करून घ्या, पोटात असतानाच बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, पाचव्या-सहाव्या महिन्यात होते. ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळाचे सगळे अवयव बघायची सोनोग्राफी, वेगळा, एको वेगळा, एक केला म्हणून दुसरा सोडू नका. माझ्या वेळी आमची बाई पोटात पाठ करून बसली होती, डॉक्टर म्हणाले बाहेर जाऊन काहीतरी गोड खा आणि कॉरिडॉरमधे चाला. मी राजगिऱ्याचा लाडू खाऊन पंधरा चकरा मारल्या, मग कुठं वळली, मग ते चार कप्पे दाखवले स्क्रीनवर, उघडझाप उघडझाप. काही सापडलंच तरी घाबरून बसू नका, जन्माच्या आधी कळलं तर बाळंतपण कुठं करायचं ते ठरवता येतं. आणि शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, हृदयाच्या ऑपरेशनला सुद्धा मदत मिळते, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात नाहीतर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. आशाताईंना विचारलं तरी चालतं.

जुळं झालं तर बरंच की, एका बाळंतपणात काम?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि यावरच माझा सगळ्यात जास्त जीव जळतो.

ताई, आयव्हीएफच्या बाळांना जो काही त्रास होतो ना, त्यातला फार मोठा हिस्सा जुळ्यामुळं होतो. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत होतात. कमी दिवसाचं बाळ म्हणजे फुफ्फुसं तयार नाहीत, चोखता येत नाही, कावीळ, इन्फेक्शन, पेटीत आठवडेच्या आठवडे. आईचं बीपी, शुगर, रक्तस्राव वेगळंच. आणि पेटीचं बिल दोघांचं दोन येतं, तिथं एकावर एक फ्री नाही.

माझी पहिली सायकल, म्हणजे ट्रीटमेंटची पहिली खेप, दुसऱ्या एका मोठ्या शहरात झाली, सेंटरचं नाव घेत नाही. तीन एम्ब्रियो, म्हणजे बशीत तयार झालेले गर्भ, सोडले. का तीन, असं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, एवढंच म्हणाले की चान्स वाढतो, आणि एक इंग्रजी फॉर्म पुढं केला, चार ठिकाणी टिक मारलेलं होतं, तिथं सही केली. दोन रुजले. घरात पेढे वाटले, आमच्या आत्तींनी तर अंबाबाईला दोन खण बोलले. पाचव्या महिन्यात दोन्ही गेली. एकच असतं तर राहिलं असतं असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण मला कुणीतरी समोर बसवून आपल्या भाषेत सांगायला पाहिजे होतं की तीन सोडले तर काय काय होऊ शकतं.

दुसऱ्या खेपेला इथंच कोल्हापुरात केलं आणि डॉक्टरांनीच विषय काढला, एकच चांगला पाच दिवसांचा एम्ब्रियो सोडू, बाकीचे फ्रीज करून ठेवू, नाही राहिलं तर परत. त्यावर आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं, पैसे वाचतील का दोन सोडले तर. डॉक्टर म्हणाले, पेटीचा एका दिवसाचा खर्च विचारून या आणि मग बोला. ते खरंच खाली जाऊन विचारून आले आणि गप बसले.

तुमचं वय जास्त असेल, आधी दोन-तीनदा फेल गेलं असेल तर डॉक्टर दोनचा विचार करतील, ते वेगळं. पण किती सोडणार आणि का, हे सहीच्या आधी विचारायचं. बाकी सगळे प्रश्न विसरलात तरी चालेल.

फ्रीजमधलं बाळ शिळं नाही का होत?

हा सासूबाईंचा प्रश्न, त्यांचाच शब्द ठेवलाय. उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमधे ठेवलेलं असतं, तिथं सगळं थांबतं, शिळं व्हायला काही चालूच नसतं. असं पहिलं बाळ १९८४ मधे ऑस्ट्रेलियात झालं.

फरक असा की फ्रेश ट्रान्सफरची, म्हणजे फ्रीज न करता लगेच गर्भाशयात सोडलेली, बाळं थोडी कमी वजनाची भरतात, फ्रोझनची थोडी जास्त वजनाची, आणि फ्रोझनमधे आईला बीपीचा त्रास जास्त दिसतो. त्यामुळं फ्रोझन असेल तर बीपी दर व्हिजिटला मोजून घ्या, डोकं दुखणं, डोळ्यांपुढं चमकणं असलं काही झालं तर उद्या बघू म्हणू नका.

कॅन्सर होतो म्हणतात?

फ्रान्समधे ८५ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मधे आला, एकूण कॅन्सरमधे फरक नाही निघाला. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, किंचित जास्त दिसला, पण लहान मुलांत तो मुळातच इतका कमी असतो की किंचित वाढूनही कमीच राहतो. त्याआधी २०२२ मधे त्या चार देशांच्याच आकड्यांत फ्रोझनच्या मुलांत थोडा जास्त कॅन्सर दिसला होता, पण सगळे मिळून ४८ मुलं होती त्यात, एवढ्याशा संख्येवर छाती बडवू नये असं ते लिहिणारेच म्हणतात. मी यावर झोप घालवलेली नाही.

डोक्यानं कशी असतात? ऑटिझम?

स्वीडनमधे २५ लाख मुलं बघितली, २०१३ मधे छापून आलं. ऑटिझम जास्त नाही. बुद्धी कमी असण्याचं प्रमाण अगदी किंचित जास्त होतं आणि एकट्या बाळांपुरतं बघितलं तर तेही गेलं, म्हणजे परत जुळंच. डेन्मार्कमधे नववीचे मार्क काढून बघितले, सारखेच. माझी गणितात कच्ची आहे पण तसा मीही सातवीला गणितात गचकले होते, त्यामुळं डॉक्टरांकडं बोट दाखवायची सोय नाही.

उंची, बीपी, शुगर?

लहानपणी थोडी बारीक असतात, मोठेपणापर्यंत फरक भरून निघतो. बीपीचं उलटसुलट आहे, स्वित्झर्लंडच्या एका छोट्या अभ्यासात रक्तवाहिन्या थोड्या कडक दिसल्या, नंतर २०२३ मधे अनेक देशांच्या ३५ हजार मुलांचे आकडे एकत्र केले तर बीपी, शुगर साधारण सारखंच निघालं. वर्षातून एकदा बालरोग डॉक्टरांकडून बीपी मोजून घ्यायला काही जात नाही. दवाखान्यात लहान मुलाचा पट्टा वेगळा असतो, मोठ्यांच्या पट्ट्यानं मोजलं तर आकडा चुकतो, तेवढं बघा.

वडिलांचा काउंट कमी होता, इक्सी केलं, मुलाला पण तोच त्रास होईल?

होऊ शकतो. ब्रसेल्सचेच डॉक्टर, त्यांनी २०१६ मधे इक्सीची ५४ तरुण मुलं तपासली, त्यांचा काउंट बाकीच्या मुलांच्या साधारण निम्मा होता. वाय क्रोमोझोमचा (तो फक्त पुरुषांत असतो) एखादा तुकडा गळालेला असेल तर तो बापाकडून मुलाकडं जसाच्या तसा जातो, म्हणून काउंट फारच कमी असेल तर इक्सीच्या आधी ती रक्ततपासणी सांगतात. मुलगी झाली तर हा प्रश्नच नाही. आणि ज्यांना मुलगा आहे त्यांनी आतापासून त्याच्या लग्नाची काळजी करू नका, तो पंचवीस वर्षांचा होईपर्यंत काय काय निघालेलं असेल.

मग मुलगी की मुलगा, ते निवडता येतं का?

नाही. १९९४ चा कायदा आहे, गुन्हा आहे, जेल आहे. दर सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर लिहिलेलं असतं आणि तरी मला हा प्रश्न येतो. पुढचा.

दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्यालं तर बाळ चांगलं होतं ना?

मला पण सासऱ्यांनी गंगावेशीत नेलं होतं, म्हैस समोर, फेसाळ ग्लास हातात. लई भारी असतं, मान्य. पण दिवस गेलेत तेव्हा कच्चं दूध नको, ब्रुसेला, लिस्टेरिया असले जंतू त्यातून जातात आणि गर्भ जाऊ शकतो. तेच दूध घरी आणून उकळून प्या. मी ग्लास सासऱ्यांनाच परत दिला, त्यांनी दोन प्याले.

कमी दिवसाचं बाळ घरी आलंय, काय बघायचं?

इथं वय दोन असतात. ३२ आठवड्यांचं झालेलं बाळ सहा महिन्यांचं झालं की विकासाच्या हिशोबानं चारच महिन्यांचं धरायचं, दोन वर्षांपर्यंत असंच. शेजारणीचं बाळ बसायला लागलं आणि आपलं नाही म्हणून रडायचं नाही. लसी मात्र जन्मतारखेवरून.

डोळे! ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा, आरओपी म्हणतात. बाळ छान दूध पितंय, डोळे टपोरे दिसतायत आणि आत पडदा बिघडत चाललेला असतो, बाहेरून काहीच कळत नाही आणि वेळ गेली की गेली. कानाची टेस्ट पण त्याच सुमाराला. छातीशी उघडं धरून ठेवायचं, कांगारूसारखं, बापानं धरलं तरी चालतं. धुरी, काजळ, मध, घुटी हे नको, आज्जी कितीही रुसली तरी.

डोनरचं अंडं घेतलं तर मूल कायद्यानं कुणाचं?

तुमचंच. २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे, डोनरचा मुलावर काही हक्क नाही. तब्येतीच्या बाजूनं एवढंच की डोनर अंड्यात आईला बीपी वाढायची शक्यता जास्त असते आणि मुलाच्या डॉक्टरांनी घराण्यात कुणाला काय आजार विचारलं तर आईकडची बाजू तुमची लागू होत नाही, तिथं खोटं सांगू नका.

बाळाच्या डॉक्टरला सांगायचं का? शाळेत? मुलाला?

डॉक्टरला हो. शाळेत कशाला, फॉर्मवर रकाना आहे का? आमच्या पोरीला मी सांगितलं, पाच वर्षांची असताना, तिच्या आत्याचं बाळ बघायला गेलो होतो तेव्हा. तुला डॉक्टर काकूंनी मदत केली पोटात यायला, एवढंच. ती म्हणाली मग मी आत जाताना दार कुठलं होतं. आमच्या ह्यांना ठसका लागला. नंतर मोठी होईल तसं अजून सांगू, पण लपवायचं नाही हे ठरलंय, कारण लपवलेलं शेवटी चुलत्यांच्याच तोंडून कळतं.

कागद कुठले जपून ठेवायचे?

ट्रान्सफरची तारीख, एम्ब्रियो तीन दिवसांचा की पाच, फ्रेश की फ्रोझन, इक्सी होतं की नाही, डोनर होता का, सगळ्या सोनोग्राफ्या आणि एकोचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, जन्माचं वजन आणि आठवडे. सोनोग्राफीचा तो गुळगुळीत कागद काही वर्षांत पांढरा पडतो, माझा पहिला फोटो असाच गेला, आता नुसता करडा चौकोन राहिलाय. म्हणून आल्या आल्या मोबाइलवर फोटो काढा. आमची फाइल रेशनकार्ड आणि गॅसच्या पुस्तकाबरोबर एकाच प्लास्टिकच्या पिशवीत असते, २०१९ च्या पुरात पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा एका हातात पोरगी आणि दुसऱ्या हातात ती पिशवी एवढंच घेऊन आम्ही वरच्या मजल्यावर गेलो होतो.